बाप्तिस्म्याच्या वह्या निकालात काढू नका : आमच्या लुथरन मंडळीच्या पाळकांस व पंचकमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंचकमिटीचे सर्व सन्माननीय सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर पंचकमिटीचे तीन निर्णय वाचून दाखवण्यात आले. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने पुढे स्वतः मंडळीसमोर विश्वास कबूल करण्याचा विधी), विवाह आणि दफन यांच्या जुन्या वह्यांतील माहिती संगणकावर चढवून झाली असल्यामुळे त्या वह्या पावसाळ्याआधी निकालात काढण्यात येतील. सलग दोन वर्षे वर्गणी न भरलेल्यांची नावे सभासदांच्या यादीतून कमी करण्यात येतील. आणि प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतील भाकर व द्राक्षारस, घेणाऱ्यांची नावे यापुढे लिहिली जाणार नाहीत, केवळ संख्या नोंदली जाईल. या निर्णयांवर मंडळीत चर्चा झाली नाही. मी कमिटीकडे लेखी हरकत दिली, तिची पोचही मला मिळाली नाही. वह्या एकदा रद्दीत गेल्या की हरकतीला काही अर्थ उरणार नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. गोव्यातल्या इतर लहान मंडळ्यांतही असेच विचार चालू असल्याचे कानावर येते. त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझा या वह्यांशी संबंध काय, ते आधी सांगते. माझे आईवडील गोवा मुक्तीनंतर मिरजेकडून इथे आले ते तिथल्या मंडळीचे बदलीपत्र, म्हणजे सभासदत्व दुसऱ्या मंडळीत नेण्याचे पत्र, घेऊन, आणि ते पत्र आजही आपल्या सभासद-वहीच्या पानाला टाचलेले आहे. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण आणि विवाह याच मंडळीत झाला. माझ्या वडिलांची दफनाची नोंदही इथेच आहे. नोकरीची सगळी वर्षे मी सरकारी नोंदणी कार्यालयात जन्म, विवाह आणि मृत्यूच्या वह्या सांभाळण्यात घालवली. तेव्हा नोंद कशी ठेवावी, चूक कशी दुरुस्त करावी आणि मूळ वही हरवली की माणसांचे काय हाल होतात, हे मी ऐकीव सांगत नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार मूळ वह्या नष्ट करण्याबद्दल आहे. कमिटीने तयार केलेली संगणकीय यादी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर आली, तेव्हा मी ती आमच्या कुटुंबापुरती तपासली. माझ्या धाकट्या भावाचा जन्म रात्री इस्पितळात झाला, तो जगेल अशी आशा नव्हती आणि पाळकांना बोलावण्याइतका वेळ नव्हता. तिथल्या एका ख्रिस्ती परिचारिकेने पाणी घेऊन पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याचा बाप्तिस्मा केला. तिसऱ्या दिवशी तो गेला. आपल्या वहीत त्या वेळच्या पाळकांनी निळ्या शाईत स्वच्छ लिहिले आहे : ‘संकटसमयी, परिचारिकेच्या हातून’, पुढे तिचे नाव, आणि समासात ‘मंडळीसमोर जाहीर केले’ असा शेरा व सही. संगणकीय यादीत मात्र ‘बाप्तिस्मा देणारे’ या रकान्यात पाळकांचेच नाव घातलेले आहे, कारण भरणाऱ्याला दिलेल्या पर्यायांत परिचारिका हा पर्यायच नव्हता. समासातला शेरा कुठेच नाही. जे घडले नाही ते आता मंडळीची अधिकृत नोंद म्हणून उभे राहणार आहे, आणि जे घडले त्याचा पुरावा रद्दीवाल्याकडे जाणार आहे. माझ्या भावाचे नाव असलेला दुसरा एकही कागद आमच्या घरात नाही.

अशा चुका एका कुटुंबापुरत्या नाहीत. संगणकाने दिवस आणि महिना यांची अदलाबदल केल्यामुळे ४ मे ही तारीख कित्येक ठिकाणी ५ एप्रिल झाली आहे. तारखेचा आकडा बारापर्यंत असला की ही चूक दिसूनसुद्धा येत नाही. आपल्या मंडळीत मराठी, तेलुगू, तमिळ आणि छोटा नागपूरकडच्या सादरी बोलणाऱ्या कुटुंबांची नावे आहेत, आणि ती त्या त्या पाळकांनी आपापल्या कानाला ऐकू आली तशी कधी रोमन, कधी देवनागरी लिपीत लिहिली आहेत. तमिळ कुटुंबांत नावाआधी वडिलांचे आद्याक्षर येते, ते यादी करणाऱ्याने आडनाव समजून नावानंतर टाकले. बाप्तिस्म्याचे साक्षीदार, म्हणजे ज्यांनी त्या बालकाला विश्वासात वाढवण्याची जबाबदारी घेतली ती माणसे, यांच्यासाठी रकानाच नाही. दृढीकरणाच्या जुन्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला दिलेले पवित्र शास्त्रातील वचन लिहिण्याचा प्रघात होता. माझ्या नावापुढे प्रकटीकरण २:१० आहे. तेही गळले. एवढ्या गाळलेल्या नोंदीला प्रत म्हणता येत नाही, आणि ती मूळ वहीची जागा तर घेऊच शकत नाही.

कमिटीतील काही जणांचे म्हणणे असे की आता चर्चच्या दाखल्याला सरकारदरबारी विचारतो कोण. कायद्यापुरते ते बरोबर आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणीची घट्ट पद्धत आहे, आणि आपल्या मंडळीतील जोडप्यांचा विवाह कायद्याने सिद्ध होतो तो नागरी निबंधकाकडच्या नोंदीने. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाल्यापासून १ ऑक्टोबर २०२३ व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पण बाप्तिस्म्याची वही आधारकार्डासाठी कधीच नव्हती. अमुक दिवशी, अमुक माणसांसमोर, या व्यक्तीला देवाने आपले म्हटले, याची साक्ष मंडळी तिच्यात लिहून ठेवते. ती साक्ष सरकार देऊ शकत नाही, आणि सरकारला तिची गरज नाही म्हणून आपलीही गरज संपत नाही.

लुथरन मंडळीत तर हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये. ज्यांच्या नावाने आपला पंथ ओळखला जातो त्या मार्टिन लुथर यांचा बाप्तिस्मा जर्मनीतील आयस्लेबेन येथे ११ नोव्हेंबर रोजी, संत मार्टिनच्या दिवशी झाला, हे आपण दर वर्षी दृढीकरणाच्या वर्गात शिकवतो. पण त्यांच्या जन्माचे साल आजही वादातीत नाही. त्यांच्या आईला दिवस आणि वेळ पक्की आठवत होती, साल नक्की आठवत नव्हते, असे त्यांचे सहकारी मेलांख्थोन यांनी लिहून ठेवले आहे. त्या काळी तिथे नोंदवहीची पद्धत नव्हती. ती लुथर यांच्या धर्मसुधारणेच्या पहिल्या पिढीने आणली : १५३३ सालच्या जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग-न्यूर्नबर्गच्या चर्च-नियमावलीने बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या वह्या ठेवण्यास पाळकांना सांगितले. रोमन कॅथलिक चर्चमध्ये ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदीचा नियम घातला, आणि गोव्यात जुन्या नोंदीची किंमत कुणाला शिकवावी लागत नाही. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवा मुक्तीआधी, इथे जन्मलेल्या आजी-आजोबांची नोंद शोधत माणसे आमच्या कार्यालयाच्या पायऱ्या कशी झिजवत, हे मी नोकरीभर पाहिले. एखादे पान वाळवीने खाल्लेले निघाले की समोरच्या माणसाचा चेहरा पाहवत नसे.

आता माझ्या भाचीविषयी लिहिते, कारण हे पत्र लिहिण्याचे तातडीचे कारण तेच आहे. तिचे लग्न मडगावच्या एका रोमन कॅथलिक मुलाशी ठरले. तिथल्या पाद्रींनी तिचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, आणि तो मागणे योग्यच होते : कॅथलिक चर्च लुथरन बाप्तिस्मा वैध मानते, आणि वधू बाप्तिस्मा झालेली आहे की नाही यावर बिशपांकडून कोणती परवानगी लागेल हे ठरते. ती आपल्या ऑफिसात गेली, तेव्हा तिला सांगण्यात आले की यादीत तिचे नाव सापडत नाही, जुन्या वह्या खोक्यात बांधल्या आहेत, शोधायला कोणी नाही. त्यावर कमिटीच्या एका सभासदाने तोडगा सुचवला की तिने पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे ताजा दाखला लगेच देता येईल.

पाळकसाहेब, हे वाक्य लुथरन मंडळीच्या ऑफिसात उच्चारले गेले, याचे मला अतोनात दुःख आहे. उपासनेत म्हणायच्या नाईकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण ‘एकच बाप्तिस्मा’ म्हणतो. लुथर यांनी पुनर्बाप्तिस्म्याला आयुष्यभर विरोध केला तो याच कारणाने, की बाप्तिस्मा ही माणसाची कृती नसून देवाचे वचन आहे आणि ते दुसऱ्यांदा द्यावे लागत नाही. आमच्या कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून देवाचे वचन कच्चे ठरवायचे, हा त्या तोडग्याचा अर्थ होतो. सुचवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, तिची अडचण दूर व्हावी एवढेच होते. परंतु वही जपली नाही की मंडळी अशा बोलण्यापर्यंत किती सहज पोहोचते, ते यातून दिसते. शेवटी मी आणि ऑफिसातल्या मदतनीस बाईंनी मिळून खोके उघडले, नोंद मिळाली. पण खोक्याच्या तळाची वही ओलीने फुगली होती, कडेची पाने एकमेकांना चिकटली होती, आणि फाटलेल्या पानांवर लावलेल्या चिकटपट्टीखाली अक्षरे पिवळी पडली होती. जून ते सप्टेंबर गोव्याची हवा कशी असते हे सर्वांना ठाऊक आहे. सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कागद टिकत नाही.

दुसरी तक्रार सभासदांच्या यादीबद्दल आहे. मंडळीत बाप्तिस्मा झालेले सभासद, दृढीकरण होऊन प्रभुभोजनात सहभागी होणारे सभासद आणि सभेत मत देण्याचा अधिकार असलेले सभासद, असे तीन वेगळे गट आपल्या घटनेप्रमाणे आहेत. आपली मंडळी सोसायटी म्हणून नोंदलेली आहे, आणि १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकलेल्याला मत देता येत नाही. हे मला मान्य आहे. मतदारयादी त्या नियमाने लावावी. परंतु त्याच फटक्यात त्या माणसाचे नाव मंडळीच्या सभासद-वहीतून काढणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे, आणि ती पैशाच्या कारणाने करता येत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात प्रभूने बंधूला परत मिळवण्याची पायरी-पायरीची वाट घालून दिली आहे : एकट्याने भेटा, दोघा-तिघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. थकबाकीचा तक्ता त्या वाटेवर कुठेच येत नाही.

कमी करायच्या नावांत कोण आहेत तेही पाहावे. त्यांत जहाजावर काम करणारे तारवटी आहेत, जे वर्षाचे कित्येक महिने समुद्रावर असतात; आखातात गेलेली मुले आहेत; बंदरात आणि बांधकामांवर कंत्राटी मजुरी करणारे, काम संपले की गाव बदलणारे आहेत; आणि एक-दोन म्हाताऱ्या विधवा आहेत, ज्यांना वर्गणी विचारायलाही कोणी गेले नाही. यांपैकी कुणी उद्या हैदराबादला किंवा रांचीला स्थिरावला आणि तिथल्या मंडळीने बदलीपत्र मागितले, तर आपण काय लिहून देणार? नाव कमी केले, कारण वर्गणी थकली? बदलीपत्र देऊन गेलेला, दुसऱ्या पंथात गेलेला, मरण पावलेला आणि पत्ता न लागलेला, या चार नोंदी चार वेगळ्या गोष्टी सांगतात. त्या सगळ्यांवर एकच काट मारली की पुढच्या पाळकाला कुणाला शोधायला जायचे हेही कळणार नाही.

प्रभुभोजनाच्या वहीविषयी थोडक्यात लिहिते. येणाऱ्याने आधी पाळकांना कळवावे, ही रीत लुथर यांनी १५२३ साली उपासनेविषयी लिहिताना सांगितली, आणि आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकारानेही, म्हणजे लुथरन मंडळ्यांच्या मूळ विश्वासघोषणेनेही, पापांगीकाराशिवाय हा विधी न देण्याची चाल कायम ठेवली. नाव लिहिण्यामागे पहारा ठेवण्याचा हेतू नाही. सहा महिने एखाद्याचे नाव दिसले नाही, तर तो आजारी आहे का, कुणाशी वैर धरून बसला आहे का, घरी काही घडले आहे का, हे विचारायला पाळकांनी जावे यासाठी ती वही आहे. आकड्यावरून कुणाच्या घरी जाता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कमिटीच्या लक्षात आली नसावी. तीच संगणकीय यादी, लहान मुलांच्या जन्मतारखा, घरचे पत्ते, फोन नंबर आणि काही कुटुंबांच्या भांडणांविषयी जुन्या पाळकांनी केलेले शेरे यांसह, जशीच्या तशी व्हॉट्सॲपवर फिरली. जे शेरे पाळकांनी विश्वासाने लिहिले होते ते गावभर झाले. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला आहे, आणि मुलांच्या माहितीबाबत तो अधिक कडक आहे. परंतु कायदा नसता तरी पाळकीय गुप्ततेची मर्यादा आपल्याला ठाऊक असायला हवी होती.

संगणकाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. ओल आणि वाळवी यांच्यापासून नोंदी वाचवायच्या तर संगणकीय प्रत हवीच. पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात संदेष्ट्याने शेताचे खरेदीखत मोहोरबंद आणि उघडे अशा दोन्ही रूपांत मातीच्या पात्रात ठेवायला सांगितले, ते पुष्कळ काळ टिकावे म्हणून, आणि तेही शहराला वेढा पडलेला असताना. आणि एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्या काही याजकांना वंशावळीच्या नोंदीत आपली नावे सापडली नाहीत, म्हणून याजकपदापासून दूर ठेवले गेले, हेही आपण वाचतो. मूळ आणि प्रत दोन्ही जपायची, असे माझे म्हणणे आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा. एकही मूळ वही, फाटकी असली तरी, निकालात काढू नये. तसा ठराव रद्द करून त्याची सूचना उपासनेत वाचावी. सर्व वह्या तातडीने जमिनीवरून उचलून, भिंतीला न टेकणाऱ्या लोखंडी कपाटात ठेवाव्यात, दोन किल्ल्या दोन जबाबदार व्यक्तींकडे असाव्यात, आणि चिकटपट्टी व लॅमिनेशन पूर्ण बंद करावे. टंकलेखनाआधी प्रत्येक पानाचे, समासासह, किमान ३०० डीपीआयवर स्कॅनिंग व्हावे, आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. संगणकीय यादी मूळ वहीशी दोघांनी मिळून ताडून पाहावी, तारखेचा महिना अक्षरांत लिहावा, आणि साक्षीदार, बाप्तिस्मा कोणाच्या हातून झाला, दृढीकरणाचे वचन व समासातील शेरा यांना जागा द्यावी. वहीतली चूक कधीही खोडून किंवा वर गिरवून दुरुस्त करू नये. एक रेघ मारून, समासात दुरुस्ती, सही आणि तारीख घालावी. १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली कुणी नाव बदलले, तर तेही जुने नाव तसेच ठेवून शेऱ्यातच लिहावे.

वर्गणीच्या कारणाने कुणाचेही नाव सभासद-वहीतून काढू नये. पाळकांची भेट, लेखी सूचना आणि मंडळीची सभा झाल्याशिवाय ‘कमी केले’ हा शेरा येऊ नये, आणि आला तर कारण स्पष्ट लिहावे. प्रभुभोजनाची वही पुढच्या रविवारपासून पुन्हा सुरू करावी. फिरलेली यादी गटावरून काढून टाकावी, आणि दाखला मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे. पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचा सल्ला आपल्या ऑफिसातून कुणालाही दिला जाणार नाही, असे पाळकसाहेबांनी स्वतः मंडळीसमोर सांगावे, अशी माझी विशेष विनंती आहे.

हे काम कमिटीवर लादून मी घरी बसणार नाही. वह्या ताडून पाहण्यासाठी आठवड्यातले दोन दिवस मी विनामोबदला देईन, आणि तेलुगू व सादरी नावे तपासण्यासाठी त्या त्या कुटुंबांतील तरुणांनी तयारी दाखवली आहे. कपाटाच्या खर्चासाठी काही कुटुंबे पैसे द्यायला तयार आहेत, त्यांत ज्यांची नावे आपण कमी करायला निघाला आहात अशीही आहेत.

या तिन्ही निर्णयांसाठी पावसाळ्यापूर्वी मंडळीची विशेष सभा बोलवावी आणि ती होईपर्यंत एकही खोके ऑफिसाबाहेर जाऊ देऊ नये. सभेची तारीख लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपली,
याच मंडळीत बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेली एक सभासद,
गोवा